कोंडाजींची एकडोळी दुर्बीण

मित्रांनो, दुर्बीण म्हटलं की तुम्हाला सहलीला गळ्यात अडकवायची, दोन नळ्यांची दुर्बीण आठवत असेल. मी तशी नाही. मला एकच नळी आहे आणि माझ्यातून पाहणाऱ्यालाही एकच डोळा लावता येतो. मी बंदुकीच्या पाठीवर बसणारी, आता म्हातारी झालेली दुर्बीण आहे. मुळशीतल्या भरे गावात एका घराच्या वरच्या मजल्यावर, खिडकीशेजारच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझा काळा रंग जागोजागी उडाला आहे. एका काचेवर डाग आहे, तो आता जायचा नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडे, जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका तिथे काचा घासत बसत. एवढा वेळ घासत, की काच आहे की हवा आहे हे कळू नये. त्या काचा माझ्या पोटात बसवल्या आणि दमट हवा आत शिरू नये म्हणून दोन्ही टोकांना रबराची कडी घातली. पण माझी खरी ओळख त्या काचांमुळे नव्हती. माझ्या आत केसाहून बारीक अशा दोन आडव्या रेघा होत्या. कमरेला एक कडं होतं. ते फिरवलं की समोरचं चित्र लहानमोठं होई. जनावराची पाठ वरच्या रेघेला आणि पोट खालच्या रेघेला टेकलं, की माझ्या तळाशी एक आकडा दिसे. ते जनावर किती लांब आहे, हे तो आकडा सांगे. अंतर कळलं, की गोळी किती खाली पडेल हेही शिकाऱ्याला उमगतं.

यात एक अट होती. समोरचं जनावर साधारण रानडुकराएवढं किंवा हरणाएवढं हवं. त्याहून मोठं काही असलं, तर मला ते जवळ आहे असं वाटायचं आणि माझा आकडा चुकायचा. ही अट तुम्हीही ध्यानात ठेवा.

एका बंदरातल्या दुकानात मी बरीच वर्षं काचेच्या कपाटात पडून होते. तिथे एके दिवशी नरहरी आला. तो मूळचा कासार आंबोलीचा, मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात काम करणारा. त्याच्या थोरल्या बहिणीचे, रत्नाबाईंचे यजमान कोंडाजी भऱ्यात शेती करत. डोंगरातली रानडुकरं त्यांच्या भुईमुगाची आणि भाताची दरवर्षी नासाडी करत. पिकाच्या राखणीसाठी कोंडाजींकडे परवान्याची रायफल होती आणि नासाडी फारच झाली, की वनखात्याकडून डुक्कर मारायची परवानगीही ते रीतसर काढत. नरहरीनं मला उचलून हातात फिरवून पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाला, "दाजी खूश हुतील."

दाजी खूश झालेच. पण माझ्यातून सगळ्यात आधी पाहिलं ते रत्नाबाईंनी. मला बंदुकीवर चढवायच्या आधी नरहरी त्यांना घरामागच्या टेकाडावर घेऊन गेला. तिथून लांबवर कासार आंबोलीची घरं दिसत. डोळ्याला लावून त्यांनी मला बराच वेळ इकडेतिकडे फिरवलं आणि त्या एकदम थबकल्या.

"अगं बाई! आईनं पापड वाळत घातलंत," त्या म्हणाल्या. "आणि राखणीला कोन बी न्हाई. कावळं येतील की!"

नरहरी हसून हसून खाली बसला. एवढ्या लांबून तिथल्या कावळ्यांना हाकलायला रत्नाबाईंनी खरंच हात उडवला होता. मित्रांनो, मी शिकारीसाठी घडवलेली. पण माझ्या आयुष्यातलं पहिलं दृश्य म्हणजे एका लेकीला दिसलेलं तिचं माहेर. त्याची आठवण आली की आजही माझ्या जुन्या काचा उबदार होतात.

मग मी रायफलीच्या पाठीवर चढले. चार स्क्रूंनी आमची गाठ बांधली. कोंडाजींनी जुन्या दगडखाणीच्या भिंतीवर कागद लावून, मोजकीच काडतुसं वापरून, माझी आणि रायफलीची नजर जुळवून घेतली. त्यानंतरची वर्षं माझ्या भरभराटीची होती. सुगीच्या दिवसांत कोंडाजी शेतातल्या माळ्यावर बसत. चार खांबांवर फळ्या टाकून केलेला तो उंच माळा. तिथून भाताची खाचरं, पलीकडचा बांध, त्या बांधावरचा उंबर आणि मागचा डोंगर असं सगळं दिसे. कोंडाजींनी माझ्या रेघांमधून रानाचा कोपरा न् कोपरा मोजून ठेवला होता. ओढा किती लांब, उंबर किती लांब, सगळं त्यांना पाठ.

ते उगाच बार काढत नसत. कळप आला तर आधी हाकारा करत. डुकरं हटलीच नाहीत, तरच चापावर बोट जाई. वर्षाला एखाददुसरंच डुक्कर पडे, पण गावात माझं कौतुक फार. चावडीवर कुणी ना कुणी म्हणे, "कोंडाजीची काच लांबचं जवळ आनती." मी ऐके आणि फुगून जाई. चुकणं म्हणजे काय, ते तोवर मला ठाऊकच नव्हतं.

एका दिवाळीच्या सुमाराला नरहरी सुटीवर आला होता. इंद्रायणी भात कापणीला आला होता. सकाळी अजून उन्हं फुटायची होती. खाचरांवर धुकं पसरलं होतं आणि माळ्यावर कोंडाजी आणि नरहरी शेजारी शेजारी बसले होते. आदल्या दोन दिवसांत डुकरांनी अर्धं खाचर लोळवलं होतं. परवानगी हातात होती.

नरहरीनं कोंडाजींच्या कोपराला हात लावला. "दाजी, त्ये बगा. बांधाकडं."

धुक्यात, लोंब्यांच्या वर, एक काळं कुबड दिसत होतं. ते हललं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. जमीन उकरणारं डुक्कर असंच हलतं. कोंडाजींनी "हौ, हौ" करून हाकारा केला. डुक्कर असतं तर पळालं असतं, नाहीतर निदान थबकलं असतं. ते कुबड तसंच हलत राहिलं. कोंडाजींनी दस्ता खांद्याला लावला, डोळा माझ्याजवळ आणला. त्यांचा गरम श्वास माझ्या काचेवर येत होता.

"लई दांडगं हाय," नरहरी कुजबुजला. "मारा, दाजी. पुन्यांदा असं घावायचं न्हाई."

कोंडाजींनी कडं फिरवलं. कुबडाची पाठ वरच्या रेघेला टेकली, खालचा भाग खालच्या रेघेला. मी आकडा दाखवला. मी माझं काम चोख केलं, असंच मला वाटत होतं.

पण कोंडाजी थांबले.

"मारा की!" नरहरी म्हणाला.

"गप रं जरा," कोंडाजी म्हणाले. "काच म्हनती, डुक्कर खाचराच्या मधी हाय. मधी तर एक लोंबी बी हालंना. आनि त्ये दिसतंय उंबराच्या बुडाला. उंबर तर दुप्पट लांब."

"काचेत धुकं गेलं असंल."

"धुकं न्हाई गेलं. माप जुळंना." त्यांचा आवाज बारीक झाला. "त्ये डुकराएवढं न्हाईच. त्याच्यापरीस मोठं हाय."

त्यांनी चापावरचं बोट काढलं. तेवढ्यात ते कुबड उठून उभं राहिलं. ती काळी घोंगडी होती. घोंगडीखाली एक बाई होती. तिच्या हातात नुकतंच जन्मलेलं, ओलंचिंब कोकरू होतं.

मित्रांनो, कोंडाजींनी रायफल माळ्याच्या फळ्यांवर आडवी ठेवली. नरहरीनं दोन्ही तळव्यांत तोंड लपवलं आणि तो लहान मुलासारखा रडू लागला.

ती अंबाबाई होती. डोंगराच्या पायथ्याशी धनगरांची वस्ती होती, तिथे ती नवरा सिद्धूसोबत राहायची. मेंढ्या-शेरडं राखणारं ते घर. गाभण मेंढी कळपातून निसटून बांधाकडे आली होती, तिला शोधत अंबाबाई पहाटेच निघाली होती. मेंढीची सुटका करण्यात ती एवढी गुंतली होती, की हाकारा तिच्या कानावरच आला नाही. कोंडाजी खाली उतरून तिच्याकडे गेले, तेव्हा आपण पिकात शिरलो म्हणून हा माणूस रागावणार असं तिला वाटलं. "दादा, पीक तुडवलं न्हाई बरं का. बांधानंच आले," असं ती म्हणत होती आणि कोकरू पुढे करून दाखवत होती.

हे तिथेच मिटलं असतं. नरहरी तर हात जोडून सांगत होता, "दाजी, कुनाला काय सांगू नगा. झालं तर काईच न्हाई ना?" पण दुपारी कोंडाजींनी सिद्धू आणि अंबाबाईला घरी बोलावलं. मी रायफलीसकट भिंतीच्या खुंटीला टांगलेली होते. रत्नाबाईंनी चहा पुढे ठेवला, तो कुणी उचलला नाही. कोंडाजींनी जे घडलं ते सगळं सांगितलं. कमी नाही, जास्त नाही.

सिद्धू उठून उभा राहिला. उंच, वाळक्या अंगाचा माणूस.

"माज्या बायकूवर बंदूक धरलीस?"

"धरली, सिद्धू."

"आनि आता सांगतोयस?"

"न्हाई सांगितलं तर मला झोप लागायची न्हाई."

"तुजी झोप तुज्यापाशी ठेव," सिद्धू म्हणाला. "आजपासनं माजी मेंढरं तुज्या रानात बसायची न्हाईत. तुजी वाट येगळी, माजी येगळी."

हे बोलणं साधं नव्हतं. भात निघाला की सिद्धूचा कळप रात्रीचा कोंडाजींच्या रानात बसे. मेंढ्यांच्या लेंड्यांचं खत जमिनीला मिळे, धनगरांना धान्य मिळे. त्यांच्या वडलांच्याही आधीपासून ही रीत चालत आली होती. ती त्या दुपारी तुटली.

सिद्धू दाराकडे वळला, पण अंबाबाई जागची हलली नाही. ती खुंटीकडे, माझ्याकडे पाहत होती.

"मला बगायचंय," ती म्हणाली. "मी कशी दिसले, त्ये मला बगायचंय."

कोंडाजींनी मला रायफलीवरून सोडवलं. मग सगळे माळ्याशी गेले. अंबाबाई वर चढली. तिनं अंगावरची घोंगडी काढून कोंडाजींच्या हातात दिली आणि म्हणाली, "जावा. तितं जाऊन बसा, मी बसले हुते तसं."

कोंडाजी भातातून बांधापर्यंत चालत गेले आणि घोंगडी पांघरून उंबराखाली वाकून बसले. अंबाबाईनं मला डोळ्याला लावलं. असं काही तिनं कधी हातात धरलं नव्हतं, म्हणून नरहरी खालून सांगत होता. तिच्या पापण्या माझ्या काचेला लागत होत्या. त्या ओल्या होत्या. ती पुष्कळ वेळ पाहत राहिली. सकाळचं धुकं आता नव्हतं. घोंगडीची वीण दिसत होती, कोंडाजींच्या पायातल्या वहाणांचे अंगठे दिसत होते.

कोंडाजी परत आल्यावर तिनं मला त्यांच्या हातात ठेवलं.

"लई जवळ दिसतंया, दादा," ती म्हणाली. "एवड्या जवळनं बी मानूस वळखू आलं न्हाई?"

कोंडाजींनी घोंगडीची घडी घातली आणि ती तिला परत दिली.

त्या दिवसानंतर मी रायफलीवर चढले नाही. रत्नाबाईंनी कोंडाजींना एवढंच सांगितलं होतं, "अवं, ती पुन्यांदा तिच्यावर बसवू नगा." पुढे निवडणूक आली. तेव्हा परवान्याच्या बंदुका पोलीस चौकीत जमा कराव्या लागतात, तशी रायफलही गेली. कोंडाजी ती परत आणायला गेलेच नाहीत. परवानाही त्यांनी सोडून दिला. आमची ताटातूट झाली ती कायमचीच. आम्ही दोघी बरीच वर्षं एकमेकींच्या आधारानं राहिलो होतो. तिच्या थंड लोखंडाची मला सवय झाली होती. खुंटीवरची रिकामी जागा पाहून मला बरेच दिवस वाईट वाटत राही.

पण कोंडाजींनी मला टाकून दिलं नाही. ते मला हातात घेऊन माळ्यावर बसू लागले. डुकरांचा कळप डोंगरावरून उतरताना दिसला, की पत्र्याचा डबा बडवायचा आणि शेजारच्या शेतांना आरोळी द्यायची. पोरं चिडवत, "बंदूक गेली, नळी ऱ्हायली!" कोंडाजी हसत. ते आधी साध्या डोळ्यांनी नीट पाहत, मगच मला डोळ्याला लावत. घाई करत नसत. डुकरिणीमागून पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं रांगेनं जाताना मी त्यांना दाखवली आहेत. एकदा एक पिल्लू चिखलात रुतलं, तेव्हा आई परत वळून आली. ते पाहताना कोंडाजी डबा बडवायचंच विसरले आणि डुकरांनी बांधाकडेचा भुईमूग फस्त केला. घरी त्यावरून रत्नाबाई जे बोलल्या, ते मी इथे सांगत नाही.

सिद्धू मात्र बोलत नव्हता. वाटेत गाठ पडली तर तो कळप बाजूला घेऊन निघून जाई. कोंडाजींच्या रानात ना मेंढ्या बसल्या, ना पूर्वीसारखं पीक आलं.

दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात मोठा पाऊस झाला आणि डोंगराची एक कड सुटून खाली आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाजी ओसरीवर बसले होते. अंगणात कुणीतरी येऊन उभं राहिलं. तो सिद्धू होता. त्याच्या मागे अंबाबाई होती. सिद्धूनं कोंडाजींच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "ती काच हाय का अजून?"

"हाय."

"धा-बारा मेंढ्या घावंनात. वरडनं ऐकू येतंया, पर दिसत न्हाईत."

कोंडाजींनी मला घेतलं आणि चप्पल घालायलाही ते थांबले नाहीत. समोरच्या टेकाडावरून त्यांनी कडा पाहिला. कड्याच्या मधोमध गवताची एक अरुंद पट्टी होती. चांगलं हिरवं गवत पाहून मेंढ्या तिथे उतरल्या होत्या आणि त्यांच्यामागे पायवाटच ढासळली होती. कड्याचा माथा पुढे आलेला असल्यामुळे वरून त्या कुणालाच दिसत नव्हत्या.

"दोरानंच उतरावं लागंल," सिद्धू म्हणाला. "पर किती दोर?"

कोंडाजींनी एक मेंढी माझ्या दोन रेघांमध्ये बसवली. मग मेंढीवर मेंढी, तिच्यावर आणखी एक, अशी मनातल्या मनात उतरंड रचत मला हळूहळू वर नेत कड्याच्या माथ्याला भिडवलं. माझ्या रेघांचा असा उपयोग मला घडवणाऱ्या बायकांनाही सुचला नसता.

"तुमच्याकडचा दोर कमी पडंल," ते म्हणाले. "माज्या बैलांचं कासरं बी जोडा. आनि सिद्धू, वरनं तुला काई दिसायचं न्हाई. मी हितनं बगतो. मी सांगंन तसं सरक."

सिद्धूनं पहिल्यांदा मान वर केली. ज्या काचेतून या माणसानं त्याच्या बायकोवर नेम धरला होता, त्याच काचेच्या भरवशावर त्याला आता कड्यावर लोंबकळायचं होतं. त्यानं अंबाबाईकडे पाहिलं. अंबाबाईच बोलली.

"जावा तुमी. मी हितं दादांच्या शेजारी हाय."

वर माथ्यावर नरहरी आणि वस्तीवरची माणसं दोर धरून उभी राहिली. नरहरीनं जहाजावरची नोकरी सोडून गावी येऊन वर्ष झालं होतं. दोराच्या गाठी त्यानंच मारल्या. सिद्धू कड्यावरून खाली येऊ लागला. कोंडाजी पाहत आणि हळूच सांगत, अंबाबाई तेच मोठ्यानं ओरडे. मेंढरांना हाका मारून कमावलेला तो आवाज, दरीपलीकडे ठणठणीत पोचे. "खाली! आजून खाली! थांबा!"

सिद्धू अर्ध्यावर आला आणि कोंडाजींनी मला झटकन थोडं वर उचललं. त्याच्या डोक्यावर एका मोठ्या धोंड्याला दोर घासत होता आणि धोंड्याखालची ओली माती भुरुभुरु गळत होती.

"अंबाबाई, त्याला डावीकडं जायला सांग. लई लांब. धोंडा सुटतोय."

"डावीकडं!" अंबाबाई किंचाळली. "धोंडा सुटलाय! डावीकडं उडी घ्या!"

डावीकडे उघडा कातळ होता. पाय ठेवायलाही जागा नव्हती. सिद्धू लोंबकळत क्षणभर तसाच राहिला. त्यानं मान वळवून दरीपलीकडे आमच्याकडे पाहिलं. मी त्याचा चेहरा कोंडाजींच्या अगदी डोळ्यापाशी आणून ठेवला होता. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. आणि मग त्यानं कातळाला पायानं रेटा देऊन स्वतःला डावीकडे झोकून दिलं.

धोंडा सुटला. सिद्धू होता त्याच जागेवरून तो खाली गेला आणि दरीत फुटल्याचा आवाज आला. दोर हिसकला, पण टिकला. सिद्धू झोके घेत घेत गवताच्या पट्टीवर टेकला आणि मेंढ्या त्याला अशा बिलगल्या, की तो दिसेनासाच झाला. कोंडाजींनी मला डोळ्यावरून काढलं नाही, पण माझी काच आतून नाही, बाहेरून ओली झाली होती.

घोंगडीची झोळी करून एकेक मेंढी वर ओढली गेली. सगळ्यांत शेवटी सिद्धू वर आला. संध्याकाळी तो कासरे परत द्यायला भऱ्यात आला. रत्नाबाईंनी चहा पुढे केला, त्यानं तो घेतला. कप खाली ठेवून उठताना म्हणाला, "भात निघाला की रान मोकळं ठेव. मेंढरं पाठवतो."

एवढंच. त्या दोघांमध्ये पुन्हा कधी त्या सकाळचा विषय निघाला नाही. पण तळहाताएवढ्या लोंब्या पुढच्या सालापासून पुन्हा दिसू लागल्या.

मित्रांनो, सुखाचे दिवस सांगायला फार वेळ लागत नाही. काळ बदलला. आजूबाजूची रानं विकली गेली, तिथे कारखान्यांच्या शेड आणि प्लॉटच्या भिंती उभ्या राहिल्या. कोंडाजींच्या मुलानंही खाचरं बुजवून भाड्याच्या खोल्या बांधल्या. हिंजवडीला आणि पिरंगुटला कामाला जाणारी पोरं तिथे राहतात. माळा मोडला, त्याच्या फळ्या बंबात गेल्या. सिद्धूचा कळप विकला गेला, मग सिद्धूही गेला. मला एका पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं, वर जुन्या सतरंज्या टाकल्या होत्या. मुळशीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. भिंतींना घाम फुटतो, कपाटातल्या कपड्यांना वास येतो. माझी रबराची कडी वाळून तडकली आणि दमट हवा माझ्या पोटात शिरली. काचेवर आधी एक ठिपका आला, मग कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले. ती बुरशी होती. मी अंधारात पडून राहिले आणि हळूहळू मलाच दिसेनासं झालं.

तिकडे कोंडाजींच्या डोळ्यांतही मोतीबिंदू वाढत होता. गेल्या वर्षी त्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी नात गौतमीला पहिलं काम सांगितलं, ते पेटीतून मला काढून आणायचं. त्यांनी मला डोळ्याला लावलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"गौतमे, समदं धुरकट दिसतंया. आपरेशन फुकट गेलं का काय?"

गौतमीनं मला त्यांच्या हातातून घेऊन पाहिलं. "आबा, तुमचा डोळा चांगला आहे. काच बिघडलीय."

"काच व्हय? मग हरकत न्हाई," कोंडाजी म्हणाले आणि मनापासून हसले.

गौतमी मला पुण्यात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे घेऊन गेली. त्यानं मला उघडलं, बुरशी पुसली, नवी कडी घातली. एक डाग मात्र काचेला खाऊन बसला होता. "आधी आणली असती, तर गेला असता," तो म्हणाला.

मी घरी परतले आणि थोड्याच दिवसांत एक पाहुणा आला. त्याचं नाव अमोघ. बावधनला राहणारा, शनिवार-रविवार कासार आंबोलीच्या बंगल्यावर येणारा. दुरुस्तीच्या दुकानात त्यानं मला पाहिलं होतं. माणूस बोलायला गोड होता. त्यानं मला हातात घेतलं ते अगदी जाणकारासारखं, काचेला बोट न लावता.

"आजोबा, काय पीस आहे हा! असलं काम आता होत नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे लायसन्सची रायफल आहे. तिच्यावर बसवतो. म्हणाल ती किंमत देतो. पेटीत गंजण्यापेक्षा वापरात राहील."

खरं सांगते, मित्रांनो, मला मोह झाला. पुन्हा पाठीखाली ते थंड लोखंड, पुन्हा पहाटेचं रान. म्हातारपणी कुणाला आपलं तरुणपण परत नको असतं?

कोंडाजी शांतपणे म्हणाले, "काय मारनार तुमी?"

"भेकर, ससा..." अमोघ हसला. "जे मिळेल ते."

"हे बेकायदेशीर आहे," गौतमी म्हणाली.

"अहो, डोंगरात कोण बघतंय?"

कोंडाजींनी हात पुढे केला आणि मला त्याच्याकडून परत घेतलं. "मिळंल त्ये मारनाऱ्याला ही द्यायची न्हाई," ते म्हणाले. "चहा घ्या आनि जावा."

मला त्यांनी घट्ट धरलं होतं. माझा मोह तिथेच विरला.

आता मी या खिडकीशी असते. गौतमी रोज मऊ सुती कापडानं मला पुसते. आजूबाजूची मुलं येतात, खिडकीच्या गजावर मला टेकवून डोंगर पाहतात. कोंडाजी खुर्चीत बसून प्रत्येकाला बजावतात, "आदी साध्या डोळ्यानं बग, मग काचंतनं."

माझं मागणं फार नाही. पावसाळ्यात मला कोरड्या डब्यात ठेवा. माझं कडं जोरानं पिळू नका. घरात कुणाची जुनी दुर्बीण, चष्मा, कॅमेरा पेटीत पडून असेल, तर आजच बाहेर काढून वाऱ्यावर धरा. डाग पडल्यावर पुसून उपयोग नसतो. मला हातात घ्या, मांडीवर घ्या, हवं तेवढं पाहा. फक्त मला पुन्हा कुठल्या बंदुकीवर चढवू नका. लांबचं जवळ आणून दाखवायचं काम माझं. समोर कोण उभं आहे, हे ओळखायचं काम, मित्रांनो, तुमचं.